पालवी ‘फुटते’ की ‘उमलते’?

वसंतातल्या सकाळी फिरून आल्यावर एका वाचकाने ‘वाटेवरच्या पिंपळाला पालवी फुटली’ असे लिहिले, तेव्हा त्यांच्या मित्राने हरकत घेतली की मडके फुटते, काच फुटते, नशीबही फुटते, मग इतक्या कोवळ्या गोष्टीला असले क्रियापद कशाला, ‘उमलली’ म्हणावे. यांतले योग्य कोणते, असा त्यांचा प्रश्न आहे.

‘फुटली’ हेच ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘फुटणे’ हे संस्कृत ‘स्फुट्’ या धातूवरून आले असून पाणिनीय धातुपाठात त्याचे ‘विकसन’ आणि ‘विशरण’, म्हणजे उमलणे आणि फाटून विखुरणे, असे दोन्ही अर्थ दिलेले आहेत. मराठीने दोन्ही जपले आणि त्यांतला भेद बहुतेक वेळा वाक्यरचनेवर सोपवला. जे धरून ठेवते तेच कर्ता झाले की मोडतोड होते : घडा फुटला, बांध फुटला. जे आतून बाहेर येते ते कर्ता झाले आणि धरून ठेवणाऱ्याला ‘ला’ प्रत्यय लागला की अर्थ पालटतो : दाण्याला कोंब फुटतो, दगडाला पाझर फुटतो, आईला पान्हा फुटतो, पिलाला पंख फुटतात, मुलाला कंठ फुटतो आणि पाठोपाठ मिसरूडही फुटते. (भीतीने घामही फुटतो, तेव्हा हा नियम आनंदाचा नाही, बाहेर येण्याचा आहे.) ही उदाहरणे ओळीने म्हणून पाहिली तर जन्मापासून तारुण्यापर्यंतची वाट त्यांत दिसते, आणि यांतले काहीही कोणी ठरवून करत नाही. म्हणूनच ‘पिंपळाने पालवी फोडली’ असे सहसा कोणी म्हणत नाही. ‘फोडणे’ म्हटले की कोणाचा तरी जोर लागतो.

पिंपळाची फांदी जवळून पाहिली तर शब्दाची निवड आणखी पटते. टोकाशी अणकुचीदार अंकुर असतो आणि त्यावर घट्ट आवरण असते. आतले गुंडाळलेले पान वाढू लागले की ते आवरण सुटते, गळून पडते आणि फांदीवर त्याच्या जागी अंगठीसारखा वण राहतो. पान मात्र तांबूस, लुसलुशीत, उन्हात चकाकणारे असे बाहेर येते. कळीचे तसे नसते. तिच्या पाकळ्या एकमेकींपासून हलकेच सुटतात आणि त्या पाकळ्यांचेच फूल होते, म्हणून तिला ‘उमलणे’ शोभते. सगळे झाड फुलांनी भरले की ते ‘बहरते’. हा ‘बहर’ फारसीतल्या वसंतवाचक ‘बहार’वरून आलेला आहे.

तेव्हा त्याच फेरफटक्यात पुढे एखादी कळी दिसली असेल, तर मित्राचे ‘उमलली’ तिच्यासाठी वापरावे.