वाचकांचे प्रश्न: नेपोलियनच्या फौजेत भरती व्हावं का?

प्रश्न: दादा, माझ्याकडे 'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड' हा गेम आहे, एकट्याने खेळायची मोहीम संपवून झाली. आता त्याचंच एक्स्पान्शन (मूळ गेमला जोडायचा जादा भाग) 'नेपोलियनिक वॉर्स' सेलमध्ये स्वस्तात दिसतंय, घेऊ का? व्हिडिओत तर लोक रांगेत उभे राहून नुसत्या गोळ्या खातात, त्यात मजा कसली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: आधी एक गोष्ट डोक्यात पक्की कर, यात मोहीमबिहीम काही नाही. २०१२ मध्ये आलेलं हे एक्स्पान्शन फक्त मल्टीप्लेयरसाठी, म्हणजे इंटरनेटवर इतरांसोबत खेळायला बनवलंय, फ्रान्स, ब्रिटन, प्रशिया, रशिया नाहीतर ऑस्ट्रिया, एक बाजू घ्यायची आणि एका सर्व्हरवर २०० जणांपर्यंत गर्दीत घुसायचं. सोबतीला माणसंच नको असतील तर पैसे वाचव.

आता रांगेचं. नेपोलियनच्या काळच्या मस्केटची, म्हणजे लांब बंदुकीची, नळी आतून गुळगुळीत, गोळी सैल बसायची, त्यामुळे शंभर मीटरच्या पुढे एकट्याने नेम धरून काही उपयोग नव्हता, म्हणून सगळ्यांनी खांद्याला खांदा लावून एकदम बार काढायचा. गेममध्येही डिट्टो तेच. एक गोळी सुटली की बार भरत बसायचं, आणि तेवढ्यात समोरून कोणीतरी संगीन रोखून पळत येतंय, त्या काही सेकंदांत जी तंतरते ना तीच खरी मजा आहे बाबा! शूटिंग गेमची सवय असलेले पहिल्या दिवशी वैतागून निघून जातात, त्यांचंही चूक नाही म्हणा.

गोळीबाराचा कंटाळा आला तर तोफखान्यात जा, किंवा सॅपर (बांधकाम करणारा सैनिक) होऊन अडथळे उभार, नाहीतर सरळ ढोल-बासरी घेऊन फौजेमागे वाजवत चाल, खरंच तसा रोल आहे आणि लोक तो अगदी मनापासून खेळतात. कमांडर बॅटल या प्रकारात तर हाताखाली बॉट्सची, म्हणजे कॉम्प्युटरने चालवलेल्या सैनिकांची, तुकडी मिळते, तुला एकट्याच्या मोहिमेची सवय आहे तर तिथून सुरुवात कर.

खरी मेख वेळेची आहे. शिस्तीतल्या लाइन बॅटल, म्हणजे रांगेने लढायच्या लढाया, खेळाडूंच्या रेजिमेंट (संघ) वेळ ठरवून खेळतात, न विचारता रांग सोडून गोळी झाडली की ओरडा बसतो. युरोपातली रेजिमेंट धरलीस तर तिथले हिवाळ्यातले रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीचे साडेबारा, वर पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त असलं की संगिनीचा वार अडवेपर्यंत आपण आडवे झालेलो असतो. म्हणून घ्यायच्या आधी, तुला जमेल त्या वेळी तुझ्या वॉरबँडच्या मल्टीप्लेयर यादीत सर्व्हर किती भरलेत आणि पिंग किती येतंय ते दोन-तीन रात्री बघ.