शिकारीच्या रायफलचा स्कोप झीरो धरत नाहीये, नवीन स्कोप घ्यावा का?

तुम्ही लिहिलंय की १०० मीटरवर व्यवस्थित झीरो केलेली, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी स्कोप जुळवलेली रायफल आता कधी हातभर डावीकडे मारते कधी वर, तुम्ही स्कोपचा नॉब क्लिक-क्लिक फिरवून परत मध्ये आणता आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच, आणि ओळखीचे सगळे म्हणतायत की स्कोप गेलाय, दुसरा घे. माझं ऐका, एवढ्यात पैसे घालू नका. चोर सोडून संन्याशाला सुळी असा प्रकार स्कोपच्या बाबतीत फार होतो, मी स्वतः केलाय म्हणून सांगतो.

आणि कामाला हात घालायच्या आधी मॅगझीन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये बोट घालून रिकामं आहे ना बघा. दरवेळी.

पहिलं म्हणजे नॉबला हात लावायचा बंद करा. एक गोळी डावीकडे गेली की चार क्लिक उजवीकडे, पुढची उजवीकडे गेली की दोन क्लिक परत, असं केल्याने नेमकं काय बिघडलंय ते कधीच कळत नाही कारण तुम्ही स्वतःच गोंधळात भर घालत असता. पाच गोळ्या एकाच बिंदूवर मारा, मध्ये बॅरल गार होऊ द्या, कुठे लागतायत तिकडे लक्ष देऊ नका. मग कागद बघा. पाचही एकत्र लागल्यात पण भलत्याच जागी, तर तो एक आजार. पाचही विखुरल्यात तर तो दुसरा, आणि त्याला क्लिकवर औषध नाही. तुमच्या वर्णनावरून मला दुसरा वाटतोय, किंवा मग काहीतरी सैल आहे जे दर काही गोळ्यांनी नवीन जागी जाऊन बसतंय.

माझं असंच झालं होतं. दोन दिवसांत चाळीसेक राउंड घालवले, नवीन रिंग (स्कोपची नळी धरून ठेवणारी कडी) घेतल्या, शेवटी वैतागून तोच स्कोप दुसऱ्या रायफलवर चढवला तर तिथे एकदम शहाण्यासारखा वागला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मग बेस तपासला, म्हणजे रायफलवर स्क्रूने बसवलेली ती पट्टी जिच्यावर रिंग बसतात. वरून चावी लावली तर चारही स्क्रू घट्ट, पण बेसची पुढची कड अंगठ्याने दाबली की फटीतून तेलाची बारीक रेघ बाहेर यायची आणि अंगठा काढला की आत जायची. स्क्रू काढले तर सगळ्यात पुढच्याचं टोक चकचकीत घासलेलं. तो किंचित लांब होता, खाली बॅरलच्या आट्यांना जाऊन टेकत होता, म्हणजे चावीला घट्ट लागत होता पण बेसला खाली ओढतच नव्हता. टोक थोडं घासून कमी केलं, आटे आणि भोकं तेल काढून कोरडी केली, निळं थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव) लावून बसवला. त्यानंतर तो स्कोप हललेला नाही.

म्हणून तुम्हीही वरवर चावी फिरवून "घट्ट आहेत" म्हणू नका, सगळं उतरवा. स्कोप, रिंग, बेस, सगळं. रिंगच्या वरच्या स्क्रूंना साधारण १५ ते २० इंच-पाउंड टॉर्क (आवळायचा जोर) पुरतो, कंपनीने आकडा दिला असेल तर तोच धरा, आणि टॉर्कची चावी कुणाकडून तरी मागून आणाच कारण हाताचा अंदाज फार फसवा असतो. जास्त आवळलं तर स्कोपची नळी दबते आणि आतली यंत्रणा अडकायला लागते, म्हणजे सैल रिंगचा त्रास घालवायच्या नादात खराखुरा बिघडलेला स्कोप पदरात. बसवून झालं की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून खाली धातूपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला, एका नजरेत कळतं. नळीवर रिंगच्या कडेलाही एक रेघ मारा, कारण धक्क्याने स्कोप रिंगमध्ये पुढे सरकतो तो असा सापडतो.

स्टॉकचे, म्हणजे रायफलच्या दस्त्याचे स्क्रू सगळे विसरतात. खालून मॅगझीनच्या पुढे-मागे जे असतात ते. लाकडी स्टॉक असेल तर हवामानाप्रमाणे लाकूड फुगतं आटतं आणि हे स्क्रू सैल पडतात. तसंच बॅरल फ्री फ्लोट, म्हणजे स्टॉकला कुठेच न टेकणारी असेल तर कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉकच्या मध्ये घालून मागेपर्यंत ओढून बघा. जिथे अडकेल तिथे लाकूड टेकतंय, आणि बॅरल तापली की तिथूनच गोळ्या एका बाजूला चालायला लागतात.

हे सगळं करूनही फरक नाही पडला तर मग स्कोपवर संशय घ्या. तपासायची पद्धत सोपी आहे. मोठा कागद लावा, एकाच बिंदूवर नेम धरून एक गोळी मारा, मग २० क्लिक वर आणि एक गोळी, २० उजवीकडे एक, २० खाली एक, २० डावीकडे आणि शेवटची. नेम शेवटपर्यंत त्याच बिंदूवर. पाव एमओएचा (एमओए म्हणजे कोनाचं माप, एका अंशाचा साठावा भाग) क्लिक १०० मीटरवर ७ मिलिमीटरच्या किंचित वर असतो, म्हणजे चौकोनाची बाजू साधारण १४-१५ सेंटीमीटर यायला हवी आणि शेवटची गोळी पहिलीच्या शेजारी. चौकोन तिरका किंवा अर्धवट आला, किंवा नॉब फिरवल्यावर पुढची गोळी हलत नाही आणि त्याच्या पुढची एकदम उडी मारते, तर आतली स्प्रिंग दमलीय किंवा नॉब शेवटच्या टोकाला पोचलाय. टोकाला स्प्रिंगमध्ये जोर उरत नाही. नॉब असा टोकाला असेल तर दोष बसवण्यात आहे, बेस सरळ नाही आणि तुम्ही सगळं अंतर क्लिकवर भरून काढताय.

पॅरालॅक्स पण बघा, म्हणजे डोळा हलला की नेम सरकल्यासारखा दिसतो का ते. रायफल सँडबॅगवर अशी ठेवा की ती हलणार नाही, हात न लावता डोळा वर-खाली करा. क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) टार्गेटवर सरकताना दिसली तर गाल दरवेळी वेगळ्या जागी टेकणं हेच अर्धं दुखणं असू शकतं.

काडतुसं कुठली वापरताय ते लिहिलं नाहीत. गोळीचं वजन बदललं की झीरो बदलतो, आणि एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटमध्येही फरक पडू शकतो, म्हणून सगळी चाचणी एकाच पेटीतल्या काडतुसांवर करा. बॅरलमध्ये गोळ्यांवरचं तांबं साठलं असेल तर नीट साफ करा, पण साफ केल्यावर पहिल्या एकदोन गोळ्यांवर भरवसा ठेवू नका, तेल लागलेल्या बॅरलमधून त्या जराशा वेगळ्या जातात.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. आणि हे निस्तरेपर्यंत ही रायफल शिकारीला नेऊ नका, कळकळीने सांगतोय. कागदावरची दहा सेंटीमीटरची चूक जनावराच्या अंगावर पोटात लागते आणि ते जखमी होऊन तासन् तास तडफडतं, मागही लागत नाही.

आणखी एक, बेसचे स्क्रू काढाल तेव्हा कुठला कुठल्या भोकातून आला तसे कागदावर ओळीने मांडून ठेवा. चारही सारखे दिसतात पण लांबी वेगळी असू शकते, आणि लांब स्क्रू चुकून पुढच्या भोकात गेला की माझे चाळीस राउंड गेले तसेच तुमचेही जातील.