‘लाय–ले–लेन’ आणि ‘ले–लेड–लेड’ यांत नेहमी घोटाळा होतो. इंग्रजी क्रियापदांची अशी तिसरी रूपं लक्षात कशी ठेवायची?

तीन रकाने घोकून हा घोटाळा सुटत नाही, कारण ‘ले’ दोन्ही ओळींत आहे. आधी वाक्यात कर्म आहे का, ते पाहा. ‘लाय’ म्हणजे आडवं होणं, पडून राहणं. त्याला कर्म नसतं. ‘ले’ म्हणजे ठेवणं. काय ठेवलं, ते सांगावंच लागतं. म्हणून काल तो आडवा झाला तर ‘ही ले डाउन’, दिवसभर पडून आहे तर ‘ही हॅज लेन देअर ऑल डे’, पण तिने पुस्तक ठेवलं तर ‘शी लेड द बुक ऑन द टेबल’.

आपल्या ‘पडणे–पाडणे’सारखंच हे नातं आहे. इंग्रजीत अगदी तीच जोडीही सापडते: ‘फॉल–फेल–फॉलन’ म्हणजे पडणे, ‘फेल–फेल्ड–फेल्ड’ म्हणजे झाड पाडणे. ‘राइज–रोज–रिझन’ आणि ‘रेज–रेज्ड–रेज्ड’ही तसंच. तिन्ही जोड्यांत कर्म घेणारं क्रियापद नियमित चालतं, स्वतःपुरतं असलेलं वाकडं. खोटं बोलण्याचा ‘लाय’ मात्र निराळा: लाइड, लाइड.

‘हँग’ला ही कसोटी चालत नाही. भिंतीवर चित्र ‘हंग’, माणसाला फाशी दिली तर ‘हँग्ड’.

काही क्रियापदांची दोन तिसरी रूपं दिसतात. त्यातलं एक आता विशेषण म्हणूनच उरलंय. ‘ही हॅज ड्रंक द मिल्क’ बरोबर, ‘हॅज ड्रंकन’ चूक. ‘ड्रंकन’ नामाच्या आधी येतं, जसं ‘अ ड्रंकन सेलर’. जहाज ‘हॅज संक’, गाल मात्र ‘संकन’. ‘मोल्टन’ तर धातू, काच, लाव्हा अशा प्रचंड तापलेल्या वस्तूंनाच लागतं. वितळलेलं लोणी ‘मेल्टेड’च.

‘बॉर्न’ची गंमत कानाला कळत नाही, फरक शेवटच्या ‘ई’चा आहे. ‘शी वॉज बॉर्न इन पुणे’मध्ये ‘ई’ नाही. ‘शी हॅज बॉर्न थ्री चिल्ड्रन’मध्ये आहे, आणि खर्च किंवा भार सोसण्याच्या अर्थानेही.

‘गॉटन’ला चूक म्हणणारे बरेच भेटतील. अमेरिकेत ते शुद्धच आहे आणि तिथे त्याने अर्थही बदलतो: ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे गाडी आहे, ‘आय हॅव गॉटन अ कार’ म्हणजे गाडी घेतली. आपल्याकडचं शालेय इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, म्हणून परीक्षेत ‘गॉट’ लिहा. ‘फर्गॉटन’ मात्र दोन्हीकडे तसंच.