गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या धुळीचा जुनाट आजारांच्या रुग्णांवर होणारा परिणाम कसा अभ्यासावा?

तुम्ही विचारलंय की एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी हातात तीन महिने आहेत, डिचोली तालुक्यात दमा, प्रेशर आणि शुगर असलेल्या लोकांवर धूलिकणांचा काय परिणाम होतो ते पाहायचंय, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या केंद्राचे आकडे आणि एक प्रश्नावली एवढ्यावर भागेल का.

नाही भागणार. मी याच तालुक्यातली. काही वर्षं घरोघर जाऊन आरोग्याच्या नोंदी घ्यायचं काम केलंय. शिवाय बाबांना दमा आहे आणि त्यांनी पंचवीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी प्रश्नावलीबद्दल. मी सुरुवातीला सरळ विचारायचे, "ट्रकांच्या धुळीचा त्रास होतो का?" ज्यांचं घर रस्त्याला लागून आहे ते म्हणत, होतो, फार होतो. ज्यांच्या घरचा ट्रक आहे ते म्हणत, छे, काहीच नाही. बाबा खोकत खोकत "नाही" म्हणायचे. इथे धुळीबद्दलचं उत्तर पोटापाण्याला बांधलेलं असतं. धुळीचं नावच न घेता विचारा: काल रात्री खोकल्याने किती वेळा उठलात? पंप किती वेळा ओढला? चढाव चढताना कुठे थांबलात?

दुसरं, तीन आजार एकदम घेऊ नका. साखरेवर धुळीचा परिणाम तीन महिन्यांत तुमच्या हाती लागणार नाही. एचबीएवनसी ही तपासणीच मुळी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. दमा घ्या. त्यात रोजचा चढउतार दिसतो, आणि तो मोजायला पीक फ्लो मीटर नावाची साधी प्लास्टिकची नळी पुरते. बाबा रोज सकाळी पंप घेण्याआधी उभं राहून छाती भरून श्वास घेतात, ओठ नळीभोवती घट्ट आवळतात आणि एका दमात जोरात फुंकतात. काटा सरकतो तो आकडा बघायचा. तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत. संध्याकाळी पुन्हा तेच. पहिले चार-पाच दिवस आकडे वाढतच जातात, कारण माणूस फुंकायला शिकत असतो. ते दिवस हिशेबात धरू नका.

आता माझं मुख्य म्हणणं: रुग्णाची तुलना त्याच्याशीच करा. कोणी विडी ओढतं, कोणी गोळ्या चुकवतं, कोणाचं वय सत्तर. रस्त्याकडची वीस माणसं आणि आतल्या वाड्यावरची वीस माणसं समोरासमोर ठेवलीत तर फरक धुळीचा की गरिबीचा, हे सांगता यायचं नाही. एकाच माणसाचा धुळीचा दिवस आणि बिनधुळीचा दिवस शेजारी ठेवला की वय, सवयी, घर हे सगळं जागच्या जागी राहतं. फक्त त्या-त्या दिवसाचं तापमान, सर्दी-ताप आणि चुकलेलं औषध यांची नोंद हवी. आणि त्रास त्याच दिवशी होतो असं नाही, एक-दोन दिवसांनीही होतो. म्हणून आजच्या आकड्याशेजारी कालची आणि परवाची धूळही मांडा.

धूळ कुठे मोजायची? रुग्णाच्या नाकाजवळ. केंद्र दोन-चार किलोमीटरवर असेल तर त्याचा आकडा गावाचा, त्या माणसाचा नव्हे. एका आजींच्या सोप्यात, म्हणजे ओसरीवर, आम्ही धूळ मोजणारा छोटा सेन्सर टांगला होता. दिवसभर ट्रक जात होते, पण सर्वांत उंच आकडा यायचा पहाटे साडेपाच-सहाला. दोन दिवस कोडं सुटेना. तिसऱ्या दिवशी पहाटे गेले, तर परसात भाण, म्हणजे आंघोळीच्या पाण्याचं भांडं, तापत होतं. ओली चुडतं, नारळाची सोडणं, आणि धूर थेट सोप्यात. ट्रक निर्दोष ठरले असं मी म्हणत नाही, पण भाण, चूल, अगरबत्ती, मच्छरांची कॉइल यांच्या वेळा वहीत नसतील तर तुमचा आलेख खोटं बोलेल.

धुराची नोंद वेगळी ठेवायला आणखी एक कारण आहे. पीएम 2.5 म्हणजे केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या भागाएवढे किंवा त्याहून बारीक कण, ते फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. धूर बहुतेक त्यातला. रस्त्यावरून उडणारी तांबडी धूळ बरीचशी जाड असते. स्वस्त सेन्सर प्रकाशाच्या झोतावर चालतात, त्यांना बारीक कण बरे दिसतात, जाड कण नीट दिसत नाहीत. म्हणजे तुम्ही जी धूळ मोजायला निघालात तीच निसटणार. तिच्यासाठी पीएम 10, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, मोजायला हवं, आणि तेही शक्य तर गाळणकागदाचं वजन धूळ साचण्याआधी आणि नंतर करून. शिवाय आपल्याकडची दमट हवा! ओलाव्याने कण फुगतात आणि धूळ न वाढताही सेन्सरचा आकडा वाढतो. आर्द्रतेचा रकाना ठेवाच, आणि सुरुवातीचे काही दिवस सेन्सर मंडळाच्या यंत्राशेजारी ठेवता आला तर परवानगी काढून ठेवा.

"मर्यादेत" आणि "मर्यादेबाहेर" असे दिवस पाडू नका. पीएम 2.5 ची आपली चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 15. दमेकऱ्याची छाती यातलं कुठलंच परिपत्रक वाचत नाही. आकडा जसा आहे तसा वापरा.

खाणी बंद होत्या तेव्हाचे आणि चालू असतानाचे दवाखान्याचे आकडे ताडून पाहण्याचा मोह तुम्हाला होईल. अमेरिकेत युटा खोऱ्यात असं झालंय. 1986-87 मध्ये तिथला पोलाद कारखाना सुमारे तेरा महिने बंद राहिला, आणि पोप या संशोधकाने दाखवलं की बंदच्या हिवाळ्यात श्वासाच्या आजाराने दाखल होणारी मुलं खूपच कमी होती. आपल्याकडे 2012 ला आणि मग मार्च 2018 ला खाणी थांबल्या. पण तेव्हा आमच्या घरी धूळ कमी झाली तशी मिळकतही थांबली. बाबा महागडा पंप एक दिवसाआड घ्यायला लागले. हवा स्वच्छ, आणि माणूस तरी धापा टाकतोय. हे दोन्ही एकाच वेळी घडत होतं, हे लक्षात न घेता केलेली तुलना मला पटत नाही.

पावसाळा टाळा. फेब्रुवारी ते एप्रिल चांगला, ट्रकही असतात आणि रस्ते कोरडे.

आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आल्याशिवाय एकाही घराची पायरी चढू नका. रुग्णाचं पत्रक मराठीत किंवा कोंकणीत, वाचून दाखवून, मगच सही. फुंकण्याचा आकडा त्याच्या स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली गेला तर ती नोंद नव्हे, ती तातडी आहे. त्याच्या पंपाची सोय बघा, डॉक्टरांना किंवा 108 ला फोन करा, वही नंतर. हे आधीच ठरवून, लिहून ठेवा.

शेवटच्या भेटीत प्रत्येकाला त्याच्या वहीची प्रत द्या. बाबांनी त्यांची वही डॉक्टरांपुढे ठेवली, डॉक्टरांनी पहाटेचे आकडे बोटाने खाली खाली बघत नेले आणि रात्रीचा डोस बदलला.