एअर रायफलला तेल किती द्यावे?

प्रश्न : माझी मुलगी दहा मीटर एअर रायफल नेमबाजी करते आणि तिची रायफल घरीच असते. सासऱ्यांकडे पूर्वी परवान्याची बारा बोअरची बंदूक होती. त्यांच्या मते पावसाळ्यात दर आठ दिवसांनी नळीतून तेलाचा बोळा फिरवलाच पाहिजे. प्रशिक्षक मात्र नळीला हात लावू नका म्हणतात. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : दोघांचेही बरोबर आहे, फक्त दोघे वेगवेगळ्या हत्यारांविषयी बोलत आहेत. बंदुकीत दारू जळते. शिवाय जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे आणि ते जळून नळीत राहिलेला क्षार हवेतला ओलावा ओढून घेऊन लवकर गंज धरवीत असे, त्यामुळे आपल्या सासऱ्यांच्या पिढीला तेलाची सवय लागली ती योग्यच होती. एअर रायफलमध्ये मात्र छर्रा सिलिंडरमधल्या दाबाच्या हवेने सुटतो, जळण्यासारखे काहीच नसते. शिशाचा मऊ छर्रा जाताना नळीत शिशाचा अत्यंत पातळ थर सोडतो आणि तो एकसारखा असेल तोवर छर्रे एका जागी पडत राहतात. नळी घासून लख्ख केली, तर तो थर पुन्हा बसेपर्यंत सुरुवातीचे छर्रे भरकटतात. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो हे लक्षात घेतले म्हणजे प्रशिक्षकांचा आग्रह समजतो. उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे अधूनमधून फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) एक-दोन कोरडे बोळे नळीतून सोडले की पुरते.

तेल आतल्या भागात नकोच. उच्च दाबाच्या हवेत खनिज तेल पेट घेण्याचा धोका असतो. हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्यांना काही लावायचेच असेल, तर सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्यावा. आजोबांच्या तेलाला काम उरते ते बाहेरच्या पोलादावर : सराव संपल्यावर घामाचे ठसे कोरड्या फडक्याने टिपून मग तेलाचा किंचित अंश असलेले फडके फिरवावे. खरे नुकसान होते ते पेटीत. मृगाचा पाऊस लागला, पेटी भिजून घरी आली आणि तशीच कपाटात गेली, की आतला फोम ओलावा धरून ठेवतो आणि उत्तम रायफलीवरही महिनाभरात तांबूस ठिपके दिसू लागतात. पेटी आधी उघडी ठेवून वाळवावी, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळच्या वेळी बदलाव्यात.

कोणत्याही तपासणीआधी सिलिंडर काढावा, छर्रा भरण्याचा बोल्ट उघडून नळीत छर्रा नाही याची खात्री करावी आणि सुरक्षेची रंगीत दोरी नळीतून आरपार घालावी. त्यानंतर दस्त्याचे व साइटचे (नेम धरायच्या भागाचे) स्क्रू पाहावेत. नेम अचानक सरकला की मुलीच्या तंत्राला दोष देण्यापूर्वी हे स्क्रू तपासणे शहाणपणाचे. शिसे हाताळल्यावर साबणाने हात धुवायला लावावे, हे पालकांनी रायफलीपेक्षाही काटेकोरपणे पाहावे.

प्रश्न : ओळखीच्या खेळाडूची जुनी रायफल मिळते आहे. दाबमापक पूर्ण दाब दाखवतो. घ्यावी का?
– एक पालक, इंदूर

उत्तर : दाबमापकाआधी सिलिंडरवर कोरलेली तारीख पाहावी. स्पर्धेच्या रायफलींचे सिलिंडर साधारणपणे 200 बारपर्यंत (बार हे दाबाचे एकक) भरतात आणि बहुतेक उत्पादक त्यांची मुदत निर्मितीपासून 10 वर्षे धरतात. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सिलिंडर मुदतीत आहे हे पाहण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. मुदत संपत आली असेल, तर नव्या सिलिंडरची किंमत व्यवहारातून वजा करावी. सिलिंडर जोडून रात्रीचा व सकाळचा दाब लिहून ठेवावा. गारव्याने काटा किंचित उतरतो, पण ठळक घट दिसली तर कुठले तरी कडे गळते आहे. वाल्व्ह घरी उघडू नये.

प्रश्न : नेमबाजीचे जॅकेट वॉशिंग मशिनमध्ये धुता येते का?

उत्तर : धुऊ नये. घामेजलेले जॅकेट घडी न करता रुंद हँगरवर पंख्याखाली वाळवावे आणि डाग ओल्या फडक्याने पुसावेत. मे महिन्यातल्या उन्हात गच्चीवर तर मुळीच टाकू नये. कातडे कडक होऊन चिरते, आणि स्पर्धेच्या मोजणीत जॅकेट ठरल्यापेक्षा ताठ निघाले तर ते बाद होते.