बडोद्यात कमी साखरेचं, आयतं मिळणारं दही कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की नोकरीसाठी बडोद्यात आलात, मकरपुऱ्याकडे एकटेच राहता आणि सकाळी घाईत फळांच्या स्वादाचा योगर्टचा कप खाऊन कामावर जाता. आता तपासणीत रक्तातली साखर काठावर आली, डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलं. विरजण लावत बसायला वेळ नाही, तर बाजारातलं काय घ्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. मी इथलीच, दांडिया बाजारात वाढले. सासूबाईंना मधुमेह आहे, त्यामुळे आमच्याकडे दुकानातला डबा आधी उलटा करून वाचला जातो, मगच पिशवीत पडतो.

साधं, बिनगोडाचं दही घ्या. अमूल मस्ती दही कोपऱ्यावरच्या कुठल्याही दुकानात मिळतं, अमूलचं गाव आणंद इथून तासाभरावर आहे. जरा घट्ट आणि पोटाला आधार देणारं हवं असेल तर एपिगामिया किंवा मिल्की मिस्ट यांचं ग्रीक योगर्ट बघा, पण त्यातलं चव न घातलेलं, साधंच. घट्ट दह्यातलं पाणी बऱ्यापैकी काढलेलं असतं, म्हणून प्रथिनं साध्या दह्याच्या दुपटीपर्यंत जातात आणि दुधाची साखरही थोडी कमी होते. सकाळी खाल्लं तर दुपारपर्यंत सारखं काहीतरी तोंडात टाकावंसं वाटत नाही.

आता डब्याची मागची बाजू. तिथे साखरेच्या दोन वेगळ्या ओळी असतात, 'टोटल शुगर' आणि 'ॲडेड शुगर'. पहिलीत चार-पाच ग्रॅम दिसले म्हणून दचकू नका. दुधात स्वतःचीच साखर असते, लॅक्टोज, शंभर ग्रॅमला साधारण पाचाच्या आत-बाहेर. विरजणातले जिवाणू त्यातली काही खाऊन आंबटपणा तयार करतात, बाकीची दह्यात राहते. त्यामुळे शून्य साखरेचं दही शोधत फिरण्यात अर्थ नाही. तुमचं काम दुसऱ्या ओळीशी आहे. साध्या दह्यात ती शून्य असते. फळांच्या स्वादाच्या कपात मात्र शंभर ग्रॅममागे आठ-दहा ग्रॅम वरून घातलेली साखर सहज निघते, म्हणजे चहाचे दोन चमचे. स्ट्रॉबेरी किंवा आंब्याचं चित्र असलं तरी आत जातो तो बहुधा साखरेत शिजवलेला गर. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापतात. दुधानंतर लगेच साखर आली की तो कप शेल्फवर परत ठेवा.

आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका कपाचे, तेही बघा. लस्सीच्या बाटलीत तर हमखास गफलत होते. शंभर मिलीला बारा ग्रॅम वरची साखर वाचून फार वाटत नाही, पण दोनशेची अख्खी बाटली संपवली की चोवीस ग्रॅम पोटात. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगते. म्हणजे एका लस्सीत दिवसाचा कोटा संपला, चहा अजून व्हायचाच आहे.

पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेल्या शब्दांबद्दल मला जास्त तळमळीने सांगायचंय, कारण काळजीपोटी खरेदी करणारी माणसं तिथेच फसतात. 'लो फॅट' म्हणजे कमी साखर नव्हे. साय काढली की दही पातळ आणि चवीला फिकं होतं, मग स्वादवाल्या प्रकारात ती कसर बरेचदा साखरेने आणि घट्टपणा आणणाऱ्या पदार्थांनी भरून काढतात. 'लो शुगर' या शब्दांना मात्र आपल्याकडे नियमाचा आधार आहे, शंभर ग्रॅमला पाच ग्रॅमपेक्षा जास्त साखर असेल तर तसं लिहिता येत नाही. साधं दही त्या मर्यादेत असंच बसतं. 'नो ॲडेड शुगर' वाचलं की यादीत सुक्रालोज, स्टीव्हिया किंवा माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी गोडीसाठी घातलेलं काही, आहे का ते पाहा. ते अधूनमधून खायला माझी हरकत नाही, पण त्याने जिभेची गोडाची सवय तशीच राहते, आणि माल्टिटॉल जास्त झालं तर पोट बिघडतं. मध, गूळ, खजुराचा पाक घातलेले 'नैसर्गिक' कप मी साखरेच्याच रांगेत ठेवते. मधात ऐंशी टक्क्यांच्या आसपास साखरच असते.

मिष्टी दोई, म्हणजे बंगाली गोड दही, आणि फ्रोजन योगर्ट ही मिठाई आहे, नाश्ता नाही. आणि बडोद्यात राहायचं म्हणजे श्रीखंड आणि मठो, म्हणजे श्रीखंडाचाच गुजराती प्रकार, समोर येणारच. तयार श्रीखंडात साखर चाळीस टक्क्यांच्या घरात असते. अन्नसुरक्षेच्या मानकातच, पाणी वगळून उरलेल्या भागात ७२.५ टक्क्यांपर्यंत साखरेला मुभा आहे. पाडव्याला चार चमचे खाल्ले तर खाल्ले, पण 'दह्याचंच तर आहे' म्हणून रोज रात्री वाटी घेऊ नका. घरी करायचं झालं तर डेअरीतून चक्का आणा, इथे मस्को म्हणून मागितलात तर लगेच कळेल. जुन्या हिशोबाने चक्क्याच्या वजनाइतकी साखर घालतात. आम्ही तिसरा हिस्सा घालतो, आणि केशर, वेलची, जायफळ हात सैल सोडून. पाहुण्यांपैकी कोणी गोड कमी पडलं म्हणत नाही.

तुम्ही म्हणाल, साधं दही आंबट लागतं, घशाखाली उतरत नाही. हे मात्र खरं आहे, आणि माणसं परत गोड कपाकडे वळतात ती याच पायी. यावर काही गोष्टी आमच्याकडे चालल्या. डब्यावरची तारीख बघून अगदी ताजं दही घ्यायचं, कारण दही फ्रिजमध्येसुद्धा हळूहळू आंबट होत जातं. वर जमलेलं पाणी तेवढं ओतून टाकलं तरी आंबटपणा थोडा उतरतो. मग त्यात अर्धं पिकलेलं केळं कुस्करायचं किंवा चिकूच्या दोन फोडी, वरून दालचिनीची पूड. फळातही साखर असते, पण ती चोथ्यासकट येते आणि किती घालायची ते तुमच्या हातात असतं. रविवारी खंडेराव मार्केटला गेलात तर आठवड्याचं डाळिंब आणून दाणे सोलून डब्यात भरून ठेवा, सकाळी दह्यावर मूठभर टाकायला अर्धा मिनिट लागतो. आंबा असेल तर मी दोन फोडींवर थांबते, मोसमात हे अवघड जातं.

एकदम बिनगोड जमत नसेल तर थोडे दिवस अर्धा कप तुमचा आवडता गोड आणि अर्धं साधं असं मिसळून खा, मग साध्याचं प्रमाण वाढवत न्या. जीभ वळते. सासूबाई दह्याबरोबर साखर घेतल्याशिवाय जेवण संपवत नसत. आता त्याच सासूबाई भाजलेल्या जिऱ्याची पूड मागतात. आणि दही गोडच खायला हवं असंही नाही. काकडी किसून, शेंगदाण्याचं कूट घालून कोशिंबीर केली की पोळीबरोबर डब्याचीही सोय होते. दहीभातात मात्र भाताचा हिशोब धरा.

सोयीसाठी मी चारशे ग्रॅमचा डबा सुचवेन, रोज छोटे कप घेण्यापेक्षा स्वस्त पडतो आणि उघडल्यावर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसांत संपतो. ॲपवरून मागवत असाल तर मागच्या बाजूचा फोटो उघडून वाचा, तो नसेल तर पहिल्यांदा दुकानातून हातात घेऊनच घ्या. साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या असतील तर किती फळ आणि किती दही, हे एकदा डॉक्टरांनाच विचारा.

ऑफिसात फ्रिज आहे का ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर मे महिन्यात दही डब्यात नेऊ नका, जेवणाच्या सुट्टीपर्यंत आंबून जातं. त्या दिवसांत दही सकाळी घरीच खा आणि दुपारसाठी मसाला छाशचं, म्हणजे ताकाचं, छोटं खोकं बॅगेत ठेवा, ते बंद असेपर्यंत बाहेर टिकतं. साखर बहुतेक छाशमध्ये घातलेली नसते, तरी मागची ओळ वाचाच. मीठ मात्र असतं, म्हणून रक्तदाबाचा त्रास असेल तर दिवसाला एकच.