‘कसंतरी होतंय’चं भाषांतर

“ताई, मोबाईलमुळे मला वेड लागतंय का? नवरा म्हणतो, सगळी ॲप्स उडवून टाक.” परदेशात बाळंत झालेल्या मुली हे इतक्यांदा विचारतात की एकीची गोष्टच सांगते. तिला मीनल म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाळ सात आठवड्यांचं. घरात तिघं, दिवसभर दोघंच. पहिल्याच ऑनलाईन भेटीत तिने मला दूध पाजण्याच्या नोंदींचं ॲप दाखवलं. ३:१२, डावी बाजू, ११ मिनिटं. ४:४०, उजवी, ८ मिनिटं. “आठ म्हणजे कमीच ना?” बाळाचं वजन नीट वाढत होतं, दिवसाला सहाच्या वर लंगोट ओले होत होते. दूध पुरत होतं, आणि हे तिलाही ठाऊक होतं. मी विचारलं, “बाळ झोपल्यावर तुला झोप लागते?”

बराच वेळ ती काही बोललीच नाही. बाळ झोपलं की ती आधीच्या रात्रीचे आकडे चाळत बसायची.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस उगाच रडू येणं अगदी नेहमीचं. दोन आठवड्यांत ते बहुधा ओसरतं. सातव्या आठवड्यात तसं म्हणून सोडून देता येत नाही. दवाखान्यात तिच्याकडून एडिंबरा प्रश्नावली भरून घेतली होती. १९८७ सालची, दहा प्रश्नांची, बाळंतिणीच्या मनःस्थितीची. पण तिथल्या भाषेत, आणि अर्थ सांगायला शेजारी नवरा. माणूस चांगला आहे हो. पण त्याच्यादेखत ‘रडू येतं’वर खूण कोण करेल? तो बाहेर गेला असताना मी तेच प्रश्न मराठीतून वाचले. गुण आले १६. साधारण १३ किंवा जास्त आले की डॉक्टरांकडून नीट तपासणी हवी. नुसत्या गुणांवरून निदान होत नाही. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. त्याचं उत्तर मी बेरजेआधी बघते. ‘कधीच नाही’ होतं. मी सुटकेचा श्वास टाकला, आणि मग चरकले: उत्तर वेगळं असतं तर? माझ्याकडे तिचा पत्ता नव्हता, तिथला तातडीचा नंबरही नव्हता. चूक माझीच. आता परगावच्या कुणाशीही बोलताना या दोन गोष्टी मी आधी लिहून घेते.

दवाखान्यात सांगायचा प्रयत्न तिने केला होता. भाषांतराच्या ॲपमध्ये टाईप केलं, ‘मला कसंतरी होतंय’. नर्सने वाचलं, रक्तदाब मोजला, ठीक आहे म्हणून घरी पाठवलं. ‘कसंतरी’चं भाषांतर बिचारं ॲप काय करणार! आम्ही दोघींनी बसून साधी वाक्यं केली: बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. रोज रडते. बाळाकडे बघून आनंद होत नाही. पाच आठवडे झाले. शिवाय अपॉइंटमेंट घेतानाच दुभाषी मागायला सांगितलं. अनेक दवाखान्यांत फोनवरून तरी मिळतो.

आईशी रोज व्हिडिओ कॉल व्हायचा. त्याआधी मीनल तोंड धुऊन केस विंचरायची. “एकदा कॅमेरा बंद ठेवून बोल,” म्हटलं. तशी बोलली, आणि वीस मिनिटं रडली. आई म्हणाली, “मला कळत होतं गं. सुट्टीच्या दिवशी फणीला हात न लावणारी तू, आणि रोज इतकी टापटीप?”

तर, ॲप्स उडवायची का? मी नाही म्हटलं. नोंदी डॉक्टर विचारतील तेवढ्याच, आणि रात्री अजिबात नाहीत. काही वेळा मात्र फोनवर शोधत बसायचंच नाही, थेट दवाखाना गाठायचा: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, आईला खूप रक्तस्राव, डोकं प्रचंड दुखून डोळ्यांपुढे अंधारी, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार.

डॉक्टरांनी उपचार सुरू केले. फरक पडायला वेळ लागला. तिसऱ्या महिन्यात तिने सवयीने ॲप उघडून दाखवलं, तर रात्री अकरानंतर कोरं.

“मधे पाजलं नाहीस?”

“काढून ठेवलेलं दूध त्याने पाजलं. किती मिनिटं, विचारलंच नाही. मी झोपले होते.”